जनगणनेच्या नोंदी, कुटुंब-इतिहास सॉफ्टवेअरमधील

जनगणनेच्या जुन्या कागदांवरची घरनिहाय माहिती वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरणे आणि पुढे तिच्यावर क्वेरी (अटी घालून केलेला शोध) चालवून हवी ती माणसे शोधणे, अशी ही दुपदरी पद्धत आहे. जन्म-मृत्यूच्या दाखल्यात माणूस एकदाच सापडतो. जनगणनेत तो दर दहा वर्षांनी भेटतो, तोही घरातल्या मंडळींसकट, वय, व्यवसाय आणि जन्मस्थळ सांगत. म्हणून वंशावळकारांना हे कागद मोलाचे वाटतात. मात्र भरताना घोळ झाला, तर शेकडो नोंदी असूनही साध्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

व्यक्तींची नावे असलेले मूळ कागद ठरावीक मुदतीनंतरच खुले होतात : ब्रिटनमध्ये १००, कॅनडात ९२ आणि अमेरिकेत ७२ वर्षांनी. भारतात १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ ने व्यक्तिगत नोंदी पाहण्यास बंद ठेवल्या आहेत, त्यामुळे पुढची उदाहरणे मुख्यतः ब्रिटनची आहेत. तिथे जनगणना १८०१ पासून होत असली, तरी देशभर माणसांची नावे नोंदवून ठेवली गेली ती १८४१ पासून. त्या वर्षीच्या कागदात कुटुंबप्रमुखाशी नाते लिहिलेले नाही, आणि पंधरा वर्षांवरील माणसांची वये पाचच्या पटीत खाली आणून लिहायची, असा प्रगणकांना आदेश होता. सगळ्यांनी तो पाळला नाही. १८५१ पासून नाते, वैवाहिक स्थिती, वय, व्यवसाय आणि जन्माचे पॅरिश (चर्चच्या हद्दीतला स्थानिक विभाग) असे रकाने आले. अमेरिकेत प्रत्येक मुक्त व्यक्तीचे नाव १८५० पासून मिळते. गुलामांच्या मात्र वेगळ्या याद्या केल्या, मालकांच्या नावाखाली, आणि त्यांत बहुतेकदा नुसते वय, लिंग व वर्ण.

सॉफ्टवेअरमध्ये जनगणना सहसा ‘घटना’ म्हणून नोंदवतात. ती कुणाला जोडायची, इथे मतभेद सुरू होतात. प्रत्येक माणसाला स्वतंत्र घटना जोडली, तर सात जणांच्या घरासाठी तोच मजकूर सात वेळा येतो. नंतर पत्ता दुरुस्त करायचा झाला तर सातही ठिकाणी हात घालावा लागतो, आणि एखादी जागा हमखास राहते. घटना जोडप्याला जोडणे सोपे दिसते, पण ते फसवे आहे. मुले, पाहुणे, भाडेकरू, नोकर त्यात येत नाहीत, आणि नवरा जनगणनेच्या रात्री समुद्रावर असला तरी तो घरी होता असे ठरते. ग्रॅम्प्स, रूट्समॅजिक, फॅमिली हिस्टोरियन यांसारख्या सॉफ्टवेअरांत तिसरी वाट आहे : घराची एकच घटना करून ती सर्वांत वाटून घ्यायची आणि प्रत्येकाची भूमिका नोंदवायची. घर ही एकक-वस्तू आहे हे वास्तव याच पद्धतीत नीट उतरते. अडचण आहे ती निर्यातीच्या, म्हणजे माहिती दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे नेण्याच्या वेळची, तिच्याकडे पुढे येऊ.

घटनेबरोबर स्रोताचा पत्ता हवाच. १८८१ च्या इंग्लंड-वेल्सच्या कागदांसाठी आरजी ११ ही अभिलेखागारातली मालिका, मग पीस क्रमांक (मालिकेतल्या गठ्ठ्याचा), फोलिओ (पाठपोट कागदाचा क्रमांक) आणि पान, एवढे लिहिले की दुसरा कुणीही तेच पान काढू शकतो. वेबसाइटचा दुवा तेवढा देऊन थांबणाऱ्यांची नोंद दुवा बदलला की निराधार होते.

कागदावर जे लिहिले आहे ते आणि त्यावरून आपण जे काढले ते, या दोन गोष्टी वेगवेगळ्या फील्डमध्ये (रकान्यांत) राहिल्या पाहिजेत. वयाचेच पाहा. ३० मार्च १८५१ च्या जनगणनेत एकाचे वय ३४ लिहिले आहे. बहुतेक जण वजाबाकी करून जन्मसाल १८१७ टाकतात. वास्तविक वय खरे असेल, तर जन्म ३१ मार्च १८१६ ते ३० मार्च १८१७ या दरम्यान कधीही झालेला असू शकतो, आणि या काळातले नऊ महिने १८१६ चे आहेत. म्हणजे वजाबाकी बरोबर येण्यापेक्षा चुकण्याचाच संभव जास्त. त्याच माणसाचे वय ६ जून १८४१ ला २० लिहिले असेल, तर खरे वय २० ते २४, म्हणून जन्म ७ जून १८१६ ते ६ जून १८२१. दोन्ही पट्टे एकमेकांवर ठेवले की ७ जून १८१६ ते ३० मार्च १८१७ एवढाच काळ उरतो. पट्टे जुळलेच नाहीत, तर माणूस चुकीचा धरला आहे किंवा वय चुकीचे सांगितले गेले आहे. दहा वर्षांत सातच वर्षांनी म्हातारी होणारी माणसे या कागदांत मुबलक सापडतात! मूळ आकडा पुसून त्या जागी आपला अंदाज लिहिणाऱ्याला ही पडताळणी करता येत नाही.

नात्याच्या रकान्यातही असाच खड्डा आहे. तिथले नाते कुटुंबप्रमुखाशी असते, त्याच्या बायकोशी नव्हे. ‘मुलगा’ लिहिलेला पोरगा पहिल्या बायकोचा असू शकतो. सॉफ्टवेअर मात्र घरातल्या बाईला बेधडक आई म्हणून जोडायला सुचवते.

क्वेरीचा खरा उपयोग कोण सापडले हे पाहण्यापेक्षा कोण सापडायला हवे होते हे काढण्यात आहे. ३ एप्रिल १८८१ च्या जनगणनेसाठी अट अशी बसवतात : जन्म त्या तारखेपर्यंतचा किंवा अज्ञात, मृत्यू त्यानंतरचा किंवा अज्ञात, आणि त्या तारखेची जनगणना-घटना नाही. ‘अज्ञात’ला वयाची कमाल मर्यादा घातली नाही, तर सतराव्या शतकातले पूर्वजही यादीत गर्दी करतात. देशांतर केलेले गाळायला राहण्याच्या ठिकाणाची अट लागते. तारीख कुठे नुसती ‘१८८१’ आणि कुठे पूर्ण लिहिली असेल, तर नेमक्या तारखेची क्वेरी निम्मी माणसे बेपत्ता दाखवते. जनगणनेची तारीख कायम पूर्ण लिहावी, हा नियम कंटाळवाणा असला तरी त्याला पर्याय नाही.

याद्यांत उरलेल्या रिकाम्या जागांचे अर्थही निरनिराळे असतात. कधी शोधच घेतलेला नसतो. कधी शोधून माणूस मिळालेला नसतो, आणि ही गोष्टसुद्धा तारखेसह नोंदवायची असते, नाहीतर तेच पान पुन्हा चाळले जाते. कधी कागदच शिल्लक नसतो : इंग्लंड-वेल्सची १९३१ ची जनगणना १९४२ मध्ये आगीत गेली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही, अमेरिकेच्या १८९० च्या कागदांचा बहुतांश १९२१ च्या आगीत खराब होऊन पुढे नष्ट झाला, तर आयर्लंडची १९०१ पूर्वीची घरनिहाय पत्रके जवळजवळ सगळी नष्ट झाली आहेत.

एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात माहिती नेण्यासाठी जेडकॉम हे स्वरूप वापरतात. लॅटर-डे सेंट्स चर्चने ते १९८० च्या दशकात तयार केले, आणि त्याची ७.० ही आवृत्ती २०२१ मध्ये आली. व्यापक प्रचार अजून ५.५.१ चाच आहे. त्यात जनगणनेची खूण (टॅग) व्यक्तीलाही जोडता येते आणि कुटुंबालाही, पण एकच घटना अनेकांत वाटून घेण्याची सोय नाही. म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअर निर्यातीत आपापली युक्ती लढवते. कुणी घटनेच्या प्रती करून प्रत्येकाला देते, तर कुणी स्वतःच्या खास खुणा वापरते, ज्या दुसरीकडे वाचल्याच जात नाहीत. अशा वेळी भाडेकरू आणि नोकर सर्वांत आधी गळतात. मोठे काम हाती घेण्यापूर्वी एकाच घराची फाइल निर्यात करून, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून, माणसे मोजून पाहावीत.