मुक्तच्या गठ्ठ्यापासून मोबाइलपर्यंत

आमच्या विदर्भात नागपूरला विद्यापीठ १९२३ साली आलं, अमरावतीला १९८३ साली, गडचिरोलीला २०११ साली. विद्यापीठ असं जवळ येत गेलं, तरी पऱ्हाटीच्या वेचणीत अडकलेल्या पोरीला रोज एसटीनं कॉलेज गाठणं जमत नव्हतं. तिच्यासाठी दार उघडलं १९८९ साली, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानं. 'मुक्तमधून बीए केलं' असं लोक आजही सांगतात.

आमच्या आत्याचा पुस्तकांचा गठ्ठा सुतळीनं बांधून कणगीवर ठेवलेला असायचा. दिवसभर कापूस वेचून बोटं बोंडांनी ओरबाडलेली, त्यामुळे पान उलटताना ती करंगळी वापरायची. रविवारी तालुक्याच्या अभ्यासकेंद्रावर तास. काय शिकायचं हा प्रश्न तिला पडलाच नाही. केंद्रावर जे विषय होते, त्यातलेच घ्यायचे.

आज पुतणीपुढे मोबाइलवर हजारो ऑनलाइन कोर्स आहेत. आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं २००३ साली एनपीटीईएल हा ऑनलाइन कोर्सचा उपक्रम सुरू केला, केंद्र सरकारचं स्वयम् हे ऑनलाइन कोर्सचं संकेतस्थळ २०१७ साली आलं. गावात मात्र हे सगळं पोचलं ते २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला म्हणून.

निवडताना गफलत होते ती प्रमाणपत्र आणि पदवी यांत. स्वयम्‌वर शिकणं फुकट आहे, प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी लागते. एनपीटीईएलची परीक्षा तर केंद्रावर जाऊनच द्यावी लागते, म्हणजे एसटीचा खर्च आलाच. २०२१ पासून एका सत्राचे ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, स्वयम्‌वरून घेता येतात, पण आपलं विद्यापीठ तो कोर्स मानतं का, हे आधी विचारावं. पूर्ण ऑनलाइन पदवीला विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ साली वाट मोकळी केली. मान्यताप्राप्त संस्थेची अशी पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, हेही आयोगानं २०२२ साली स्पष्ट केलं. मात्र शेती, नर्सिंग, फार्मसी, इंजिनीअरिंगच्या पदव्या ऑनलाइन देता येत नाहीत. आपल्या भागात नेमकी याच पदव्यांना मागणी, म्हणून मला याची फार काळजी वाटते.

गावातल्या एका पोरानं कापसाचे पैसे अशाच एका ऑनलाइन 'शेती पदवी'त घातले. भरतीत कागदपत्रं तपासली तेव्हा ती पदवी धरलीच नाही. तेव्हापासून पुतणी आणि तिच्या मैत्रिणी फी भरण्याआधी आयोगाच्या यादीत संस्थेचं आणि कोर्सचं, दोन्ही नावं शोधतात. रेंज मिळावी म्हणून त्यासाठी घराच्या धाब्यावर चढतात.