मुंबईतील घरबागेतली स्ट्रॉबेरी

स्ट्रॉबेरी : गुलाबाच्या कुळातील बुटकी, जमिनीलगत पसरणारी बहुवर्षायू वनस्पती. शास्त्रीय नाव फ्रॅगॅरिया × अनानासा. आज सगळीकडे खाल्ली जाणारी ही जात रानात कधीच नव्हती. उत्तर अमेरिकेतली एक आणि चिलीतली एक अशा दोन जातींचा संकर अठराव्या शतकात फ्रान्समध्ये झाला, त्यातून ती आली. चिलीची झाडे १७१४ मध्ये फ्रान्सला आणली ती फ्रेझिए या लष्करी अभियंत्याने. बागेतली नवी स्ट्रॉबेरी हा या दोन जातींचा संकर आहे, हे द्युशेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६६ मध्ये मांडले. महाराष्ट्रात ब्रिटिश काळात ती महाबळेश्वरी रुजली. ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मुंबईत ती शेतात होत नाही. हौशी मंडळी गच्चीवर, बाल्कनीत किंवा खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंडीत लावतात. इथे ती एका हिवाळ्याचे पीक आहे, आणि तसेच मानून लावली तर फळ देते.

हवामान : आपल्याकडे लावल्या जाणाऱ्या बहुतेक वाणांना दिवस लहान झाले की कळ्या धरतात. डिसेंबर-जानेवारीत मुंबईचा दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो, त्यामुळे फुले येतात. खरी अडचण रात्रीची आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात रात्री चांगल्याच गार असतात. मुंबईत ऐन जानेवारीतही सांताक्रूझचा पारा सरासरी सोळा-सतरा अंशांच्या खाली फारसा जात नाही आणि कुलाब्याला त्याहून दोन-तीन अंश जास्तच असतो. रात्र उबदार असली की झाड दिवसा तयार केलेली साखर श्वसनात खर्च करते, फळ घाईने पिकते आणि लहान राहते. म्हणून बोरिवली, मुलुंड, पवई अशा राष्ट्रीय उद्यानाच्या आसपासच्या, रात्री थोड्या गार असणाऱ्या भागांत स्ट्रॉबेरी जास्त जमते. दक्षिण मुंबईतही ती येते, पण फळांच्या आकाराची अपेक्षा कमी ठेवावी.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो. त्यामुळे पावसाळ्यात अंधारी वाटणाऱ्या दक्षिणमुखी बाल्कनीत नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात ऊन चांगले आतपर्यंत येते. स्ट्रॉबेरीला रोज निदान सहा तास ऊन लागते, तेव्हा हीच जागा सर्वांत उत्तम. पश्चिमेचे तिसऱ्या प्रहराचे ऊन फळे शेकून काढते. उत्तरेच्या बाल्कनीत हा प्रयोग करूच नये.

लागवड : रोपे आणावीत, बी पेरू नये. बियांपासून आलेले झाड मूळ वाणासारखे निघेलच असे नाही, शिवाय ते मोठे होईपर्यंत थंडी सरते. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या निळ्या स्ट्रॉबेरीच्या बियांची पाकिटे तर निव्वळ फसवणूक. निळी स्ट्रॉबेरी जगात कुठेच नाही. महाबळेश्वर-पाचगणीचे शेतकरी परदेशातून मातृरोपे आणतात, त्यांच्यापासून जमिनीवर धावणारे फुटवे म्हणजे रनर वाढवतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात लागण करतात. त्याच हंगामात मुंबईच्या रोपवाटिकांतही पिशवीतली रोपे दिसू लागतात. स्वीट चार्ली आणि विंटर डॉन हे फ्लोरिडा विद्यापीठाचे वाण. फ्लोरिडातला हिवाळा सौम्य असतो आणि तिथेच ते तयार झाले, त्यामुळे मुंबईसाठी मिळाले तर हेच घ्यावेत. ऑक्टोबर हीट ओसरू द्यावी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात रोप कुंडीत बसवावे.

मुळे उथळ असतात, म्हणून आठ इंची कुंडी एका रोपाला पुरते. तांबडी माती, कोकोपीट आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत समप्रमाणात घेतले की मिश्रण भुसभुशीत होते आणि पाणी साचत नाही. जपायचे ते क्राऊन. पानांचे सगळे देठ जिथून फुटतात तो बोटाएवढा आखूड, जाड बुंधा म्हणजे क्राऊन. तो मातीत पुरला तर कुजतो, फार वर राहिला तर मुळे सुकतात. मातीची पातळी बरोबर त्याच्या मध्यावर आली पाहिजे. रोप मरण्याचे सर्वांत मोठे कारण बहुधा इथेच असते, खतात किंवा पाण्यात नव्हे.

हे झाड खारटपणा अजिबात सोसत नाही. भातसा, वैतरणा, तानसा या तलावांचे नळाचे पाणी त्याला मानवते. समुद्राकाठच्या सोसायट्यांत बोअरवेलचे पाणी मचूळ असते, ते घातले की पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात. माती ओलसर राहील इतपतच पाणी सकाळी बुंध्याशी द्यावे. नत्राचे खत जास्त झाले तर पाने माजतात आणि फुले कमी येतात.

फळधारणा : लागणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांत पांढरी, पाच पाकळ्यांची फुले येतात. आपण जे लाल खातो ते खरे तर फुगलेले पुष्पासन, म्हणजे फुलाचे भाग ज्यावर बसलेले असतात तो देठाचा शेंडा. खरी फळे म्हणजे त्यावरचे पिवळसर दाणे. प्रत्येक दाण्याचे फलन झाले की तो ऑक्सिन हे संप्रेरक सोडतो आणि त्याच्याभोवतीचा गर फुगतो. जिथे फलन झाले नाही तिथले दाणे बारीक, दाटीवाटीने राहतात, आणि फळ त्या बाजूला खोबणीसारखे आत ओढले जाते. उंच मजल्यावर मधमाश्या क्वचितच येतात. त्यामुळे फूल उमलल्यावर चित्रकलेच्या मऊ ब्रशने मधल्या पिवळ्या भागावर दोन-तीन दिवस सकाळी हलकेच गोल फिरवावे. फळ लागल्यावर खाली नारळाचे सोडण किंवा वाळका पाला पसरावा, म्हणजे ते ओल्या मातीला टेकून करड्या बुरशीने सडत नाही.

कीड : लाल कोळी पानांच्या खालच्या बाजूला असतो, तर मावा आणि पिठ्या ढेकूण कोवळ्या फुटव्यांवर. निंबोळी अर्क संध्याकाळी फवारला आणि पाने पाण्याने धुतली तर बहुतेक वेळा भागते. बुलबुल आणि खारी पिकलेली फळे लगेच हेरतात, तेव्हा जाळी हवीच.

काढणी : फुलापासून महिनाभराच्या आत फळ पिकते. स्ट्रॉबेरी तोडल्यावर आंब्यासारखी अढीत पिकत नाही. रंग थोडा गडद होतो, गोडी वाढत नाही. महाबळेश्वरहून मुंबईच्या महात्मा फुले मंडईत (क्रॉफर्ड मार्केट) किंवा वाशीच्या बाजारात येणारी फळे प्रवासात टिकावीत म्हणून देठाकडे थोडी पांढरी असतानाच तोडावी लागतात. शेतकऱ्याचा त्यात काही दोष नाही, इतके नाजूक फळ घाट उतरून आणायचे तर दुसरा इलाज नाही. घरच्या कुंडीतले फळ मात्र देठापर्यंत लाल होईतो झाडावर ठेवता येते. मुंबईत स्ट्रॉबेरी लावण्याचे खरे कारण हेच. एका रोपाला फळे थोडीच मिळतात, पण वास सगळ्या बाल्कनीत भरतो.

मार्चमध्ये उन्हाळा चढला की फुले थांबतात आणि झाड रनर सोडू लागते. ते रनर पुढच्या वर्षासाठी जपण्याचा मोह होतो. मुंबईच्या उन्हाळ्यातून तगलेच तरी पावसाळ्यात क्राऊन कुजतात, आणि एखादे वाचलेले रोप अशक्तच असते. दरवर्षी ताजी रोपे घेणे परवडते. एप्रिलमध्ये कुंडी रिकामी करून माती उन्हात वाळवतात, त्यात नवे शेणखत मिसळतात आणि पावसाळ्यात त्याच कुंडीत अळू किंवा हळद लावतात.