हॉर्टन की नॅस्मिथ? पाणबुडीवाले दोन ब्रिटिश ॲडमिरल

मॅक्स हॉर्टन आणि मार्टिन नॅस्मिथ यांची सरमिसळ हमखास होते, आणि त्यात वाचणाऱ्याचा फारसा दोष नाही. दोघांचा जन्म १८८३चा. पहिल्या महायुद्धात दोघेही ‘ई’ वर्गातल्या पाणबुड्यांचे कप्तान. पुढे दोघेही ब्रिटिश पाणबुडी दलाचे प्रमुख झाले. दुसऱ्या महायुद्धात ‘वेस्टर्न ॲप्रोचेस’, म्हणजे अटलांटिकमधून ब्रिटनकडे येणाऱ्या सागरी वाटांची जबाबदारीही दोघांकडे येऊन गेली.

खूण लक्षात ठेवायची ती पाणबुडीच्या क्रमांकाची. ई-९ हॉर्टनची, ई-११ नॅस्मिथची. सप्टेंबर १९१४मध्ये हॉर्टनने हेलिगोलँडजवळ ‘हेला’ ही जर्मन क्रूझर बुडवली आणि इंग्लंडमधल्या हार्विच बंदरात परतताना चक्क चाच्यांचा कवटीवाला झेंडा फडकावला. पाणबुडीवाल्यांना चाचे समजून फासावर लटकवा, असं ब्रिटनच्याच एका ॲडमिरलने पूर्वी म्हटल्याचं सांगतात. त्याला दिलेलं हे उत्तर. ऑक्टोबरात दोघांनाही बाल्टिकमध्ये शिरायचा हुकूम सुटला. हॉर्टन पोचला, नॅस्मिथला मागे फिरावं लागलं.

पण १९१५मध्ये नॅस्मिथने तुर्कस्तानातली दार्दानेल्सची सामुद्रधुनी ओलांडून मार्मारा समुद्र गाठला आणि थेट कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) बंदरात टॉर्पेडो सोडला. नेम चुकलेला टॉर्पेडो बुडण्याऐवजी तरंगत राहील अशी सोय त्याने केली होती; मग तो उचलून पुन्हा वापरायचा! आंतरराष्ट्रीय नियमांत हे बसत नव्हतं, पण दारूगोळा आणायला मार्माऱ्यातून जाणार कुठे? व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं ते त्याला, हॉर्टनला नाही.

वेस्टर्न ॲप्रोचेसच्या बाबतीत मात्र पारडं हॉर्टनकडे झुकतं. नॅस्मिथ १९३८ ते १९४१ प्लिमथहून कारभार पाहत होता. फ्रान्स पडल्यावर मालवाहू जहाजांचे काफिले आयर्लंडच्या उत्तरेकडून येऊ लागले, तेव्हा मुख्यालय लिव्हरपूलला हललं आणि सूत्रं ॲडमिरल पर्सी नोबलकडे गेली. हॉर्टन आला नोव्हेंबर १९४२मध्ये. नोबलने पाया घातला होता हे खरंच. पण पाणबुडीचा कप्तान कशाला घाबरतो, हे हॉर्टनला स्वानुभवाने ठाऊक होतं. कुठल्याच काफिल्याला न बांधलेल्या, फक्त शिकारीसाठी मोकळ्या ठेवलेल्या जहाजांच्या तुकड्या त्याने झुंजवल्या. मे १९४३मध्ये सुमारे ४० यू-बोटी, म्हणजे जर्मन पाणबुड्या, गमावल्यावर जर्मन नौदलप्रमुख ड्यूनिट्झने बाकीच्या उत्तर अटलांटिकमधून मागे घेतल्या.

आणखी एक मेख: १९२०च्या दशकात नॅस्मिथच्या आडनावाला ‘डनबर’ जोडलं गेलं. १९३२ ते १९३४ हिंदी महासागरातल्या ईस्ट इंडीज ताफ्याचा प्रमुख म्हणून भेटणारा डनबर-नॅस्मिथ हा तोच, ई-११वाला.