घरी बांधलेल्या विमानाची इंधन-गाळणी: उड्डाण-परवान्याच्या फाइलमध्ये काय हवे

कॅप्टन अमोल यादव यांनी स्वतः बांधलेल्या विमानाच्या चाचण्या २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर झाल्या, त्यामुळे खानदेशाला हा विषय अगदीच नवा नाही. परवाना देणारी यंत्रणा एकच: नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए.

पात्रता: विमानाचा बहुतांश भाग हौसेसाठी किंवा शिकण्यासाठी स्वतः बांधलेला असावा. असे विमान भाड्याने चालवता येत नाही. नोंदणीचा अर्ज सीए-२८ नमुन्यात, डीजीसीएच्या ई-जीसीए पोर्टलवरून. त्यातून ‘व्हीटी’ने सुरू होणारे चिन्ह मिळते, पण उडवण्याची परवानगी वेगळी असते. बांधणी सुरू करण्याआधीच डीजीसीएला कळवा. पंख आणि टाकी बंद झाल्यावर आतले काम कोणालाही तपासता येत नाही.

कागदपत्रे: ओळख व नागरिकत्वाचा पुरावा, इंजिन व सुट्या भागांची बिले, आयात असल्यास बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्काचा आयात दाखला), फोटोंसह बांधणीची नोंदवही, वजन व संतुलनाचा अहवाल, विमा आणि धावपट्टीच्या मालकाची लेखी परवानगी. जळगावचे विमानतळ विमानतळ प्राधिकरणाचे आहे, शिरपूरची धावपट्टी खासगी आहे, त्यामुळे परवानगीचा अर्ज कुठे करायचा ते आधी ठरवा.

इंधन प्रणालीची पाने: नोंदवहीत सर्वांत काळजीने भरायची पाने हीच. टाकीपासून इंजिनपर्यंतचा एकरेषीय आराखडा काढा आणि प्रत्येक जाळीपुढे तिचे मेश (एका इंचातली छिद्रे) किंवा मायक्रॉन (छिद्राचा आकार, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) लिहा. घरी बांधलेल्या विमानाला अमेरिकेचा एफएआर २३ (लहान विमानांच्या रचनेचे नियम) बंधनकारक नाही, तरी मोजमापाला त्याच्या २०१७ पूर्वीच्या आवृत्तीसारखा आधार नाही.

टाकीच्या तोंडाशी फिंगर स्ट्रेनर (बोटासारखी नळीदार जाळी): इंचाला ८ ते १६ मेश, जाळीचे मोकळे क्षेत्रफळ तिथून निघणाऱ्या नळीच्या छेदाच्या किमान पाचपट. दोन टाक्या असतील तर सिलेक्टर व्हॉल्व्हच्या (कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचे ते ठरवणाऱ्या झडपेच्या) आधी प्रत्येकीला स्वतंत्र जाळी हवी. एका टाकीतल्या सीलंटच्या कपच्यांनी दुसरीचा रस्ता अडता कामा नये.

त्यानंतर गॅस्कोलेटर (पाणी आणि गाळ साचवणारी वाटी असलेली गाळणी), विमान जमिनीवर उभे असताना सर्वांत खाली येईल अशा जागी. हात पोहोचला पाहिजे, ड्रेन हवा आणि वाटीला सेफ्टी वायर हवी. एक्झॉस्टजवळ बसवू नका. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. बंद काउलिंगमध्ये (इंजिनच्या आवरणात) पेट्रोल नळीतच उकळून व्हेपर लॉक होतो, म्हणजे वाफेने इंधनाचा रस्ता अडतो, आणि इंजिन टेकऑफलाच बंद पडू शकते. बारीक फिल्टर पंपाच्या आधी लावला तर पंपाला इंधन जोराने ओढावे लागते, दाब घटतो आणि इंधन आणखी लवकर उकळते. म्हणून पंपाआधी जाडी जाळी, पंपानंतर बारीक. कार्ब्युरेटरवाल्या रोटॅक्स ९१२ ला (हलक्या विमानांचे एक इंजिन) ०.१ मिलिमीटरची जाळी पुरते. इंजेक्शनच्या इंजिनाला पंपानंतर साधारण १० मायक्रॉनचा फिल्टर लागतो.

मोटारसायकलच्या दुकानातला पारदर्शक प्लॅस्टिक फिल्टर इंजिनच्या खोलीत नको, आगीत तो पहिला वितळतो. कागदी फिल्टर पाण्याने फुगतो आणि बंद होतो.

प्रवाह चाचणी: विमान सर्वांत तीव्र चढणीच्या कोनात ठेवा, सर्व फिल्टर जागेवर ठेवा, टाकीत कमीत कमी इंधन ठेवा आणि कार्ब्युरेटरची नळी सोडून मापाच्या भांड्यात धरा. गुरुत्वाने वाहणाऱ्या प्रणालीला टेकऑफच्या खपाच्या १५० टक्के, पंपाला १२५ टक्के प्रवाह हवा. रोटॅक्स ९१२ यूएलएस टेकऑफला तासाला २७ लिटर पेट्रोल घेते. गुरुत्वावर हिशेब ४०.५ लिटरचा, म्हणजे १० मिनिटांत ६.७५ लिटर. त्याहून कमी भरले तर जाळी किंवा नळी अरुंद आहे. चाचणी उघड्यावर करा, स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून भांडे आणि विमान तारेने जोडा. तारीख, कोन व मोजमाप लिहून सही करा.

पेट्रोल: रोटॅक्स ९१२ ला १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालते, पेट्रोल पंपावर आता २० टक्क्यांचे मिळते. मापनळीत १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल हलवून ठेवा. पाण्याची रेषा १० च्या वर सरकली, तर तेवढे इथेनॉल त्यात उतरले. अशा पेट्रोलमध्ये पाणी विरघळून राहते आणि डिसेंबरच्या थंड रात्री वेगळे होऊन गॅस्कोलेटरच्या तळाशी बसते. त्याला कोणतीही जाळी अडवत नाही, म्हणून उड्डाणाआधी काचेच्या बरणीत काढून बघणे हाच उपाय.

जमिनीवरचे पहिले इंजिन-रन झाल्यावर सर्व जाळ्या उघडा, निघालेला कचरा पांढऱ्या कापडावर पसरून फोटो काढा आणि नोंदवहीत लावा. दुसऱ्या रननंतरही कचरा निघाला, तर टाकी पुन्हा धुवा आणि मगच उड्डाणाच्या परवान्यासाठी तपासणी मागा.