घोट्यातला तो एक स्क्रू काढायचा का?

घोट्याच्या ऑपरेशनमध्ये पायाची दोन हाडं एकत्र धरायला आडवा घालतात तो स्क्रू नंतर काढायचा का, हा वाद आहे, पण आधी थोडी मागची गोष्ट. घोटा निखळून हाडं मोडली की आज थेट ऑपरेशनचंच बोलणं निघतं, पण हे तसं अलीकडचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हाड कातडी फोडून बाहेर आलं असेल तर पाय कापणं हाच जीव वाचवायचा खात्रीचा मार्ग मानायचे, मग १८५० च्या दशकात प्लास्टर, १८६५ पासून जखमेतले जंतू मारायला कार्बोलिक ॲसिड, १८९५ ला एक्स-रे. आपल्याकडे हाडवैद्याचा लेप आणि बांबूच्या पट्ट्या होत्याच, अजूनही आहेत.

खरा बदल १९५८ नंतरचा. स्वित्झर्लंडमधल्या काही सर्जननी एकत्र येऊन लावून धरलं की हाड अगदी जागेवर बसवा, प्लेट-स्क्रूने घट्ट करा आणि सांधा लवकर हलवायला लागा. १९७६ मध्ये मृतदेहांच्या घोट्यांवर मोजून दाखवलं की आतलं टॅलस हाड (ज्यावर नडगी टेकते ते) फक्त १ मिलिमीटर बाहेर सरकलं तरी सांध्यात टेकणारी जागा सरासरी ४२ टक्के कमी होते, त्यानंतर 'चालतंय थोडं वाकडं' म्हणायची सोय राहिली नाही. सूज फार असेल तर आधी बाहेरून फिक्सेटर (हाडं धरून ठेवणारा सांगाडा) लावून कातडीवर सुरकुत्या दिसेपर्यंत थांबायचं हे पण नंतर रुळलं (आणि नातेवाईक तेवढे दिवस डॉक्टरांना 'अजून ऑपरेशन का नाही' विचारून हैराण करतात).

आता वादाचा मुद्दा. फिब्युला (नडगीशेजारचं बारीक हाड) घोट्याच्या वरच्या बाजूला मोडलं की ते आणि टिबिया (नडगीचं हाड) यांना बांधणारी लिगामेंट्स, म्हणजे चिवट पट्टे, बऱ्याचदा फाटतात, म्हणून दोन्ही हाडांतून आडवा सिंडेस्मोटिक स्क्रू घालतात. पण चालताना ही दोन हाडं एकमेकांपासून किंचित हलतातच, त्यामुळे स्क्रू ढिला होणार नाहीतर तुटणार, म्हणून नियमच पडून गेला की साधारण ८ ते १२ आठवड्यांनी काढायचाच. म्हणजे परत भूल, परत खर्च, परत जखम चिघळायची भीती, आणि घाईने काढला तर फट पुन्हा उघडायची ती वेगळीच. स्क्रू ३.५ मिलिमीटर जाडीचा की ४.५ चा, हाडाच्या तीन भिंतींतून की चार, यावर भांडणं झाली पण मुळात काढायचा कशाला हे बराच काळ कोणी विचारलंच नाही! नंतर लक्षात आलं की स्क्रू तुटलेले लोक मजेत चालतायत, काही अभ्यासांत तर शाबूत स्क्रूवाल्यांपेक्षा बरे. २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीत 'त्रास झाला तरच काढा' हे धोरण सरसकट काढण्यापेक्षा कमी ठरलं नाही. मधल्या काळात दोरा आणि दोन धातूची बटणं असा पर्याय आला, त्यात काढायची भानगडच सहसा नसते, पण त्याची किंमत साध्या स्क्रूच्या कितीतरी पट, म्हणून आपल्याकडे स्क्रूच जास्त आणि तो काढायची सवयही अजून गेलेली नाही.

माझ्या मते स्क्रू काढायच्या तारखेपेक्षा फिब्युला टिबियाच्या बाजूच्या आपल्या खाचेत नीट बसलंय का हे बघणं जास्त महत्त्वाचं, आणि ते साध्या एक्स-रेत निसटतं, सीटी स्कॅनमध्ये दिसतं. स्क्रू टोचत असेल, इन्फेक्शन असेल किंवा घोटा आखडला असेल तर काढतात, आणि तुटलेला तुकडा टिबियात अडकलेला असेल तर तो बहुतेक वेळा तिथेच सोडून देतात.