बुजवलेला पाट आणि नवा पाट: तहसीलदाराकडे अर्ज कोणता?

मुरबाड, शहापूर, भिवंडीकडे शेतीच्या पाण्याची भांडणे तहसीलदारापुढे जातात. टेबल एकच, कायदे मात्र दोन. कलम चुकले तर अर्ज फेटाळला जाईपर्यंत रब्बी हातची गेलेली असते.

मामलेदार (म्हणजे तहसीलदारच) न्यायालय अधिनियम, 1906 चे कलम 5 चालू असलेल्या पाण्यासाठी आहे. विहीर, तळे, कालवा किंवा पाटाचे पाणी तुम्ही शेतीला घेत होता आणि कोणी ते परस्पर तोडले, तर ते पूर्ववत करून मिळते. मालकी सिद्ध करावी लागत नाही. वापर होता आणि तो गेल्या सहा महिन्यांत तुटला, एवढे दाखवायचे. निकाल बाजूने लागला की दिवाणी न्यायालयाचा हुकूम येईपर्यंत वापर टिकतो. दाव्यात अडथळ्याचे स्वरूप, जागा, तारीख, कागद आणि साक्षीदार हवेतच.

खरी गोम या सहा महिन्यांत आहे. भिवंडीकडे गोदामासाठीचा भराव मे महिन्यात पडतो, पाट बुजतो. पावसात कोणाला त्याची गरज नसते. भातकापणी उरकून वालाला किंवा भेंडीला पाणी सोडायला जावे तर नोव्हेंबर सरत आलेला, आणि समोरचा वकील मे महिन्यातल्या तारखेवर बोट ठेवतो. म्हणून भराव दिसताच, भर पावसातही, दावा टाकावा. तलाठ्याकडे तोंडी तक्रार केल्याने मुदत थांबत नाही.

जमीन महसूल संहिता, 1966 चे कलम 49 नव्या पाटासाठी. पाण्यावर तुमचा हक्क आहे, पण मध्ये दुसऱ्याचा गट (जमीन) आहे आणि तो वाट देत नाही, तेव्हा हे कलम. सात-बारावर विहिरीतला हिस्सा लागला म्हणजे मधल्या शेतातून पाट नेण्याची परवानगी मिळाली, असे होत नाही. उलट, 49 खाली वाट मिळते, पाणी नाही. नदी-नाल्याचे पाणी सामान्यतः शासनाचे असते, त्याची परवानगी आधी लागते.

उघडा पाट दीड मीटरपेक्षा रुंद नको, गाडलेला नळ किमान अर्धा मीटर खोल हवा. नुकसानभरपाई आणि वार्षिक भाडे अर्जदाराने द्यायचे. गाडलेल्या नळाला कलमातला दर 10 मीटरला 25 पैसे आहे. शेजारी चिडतो तो यावरच.

सहा महिने उलटलेच असतील तर जुन्या वाटेसाठी दिवाणी न्यायालय, तिथे 20 वर्षांची उघड, अखंड वहिवाट दाखवावी लागते. उगमावर हक्क पक्का असेल तर 49 खाली नवा नळ मागणे सोपे.