पॅनल बंद, पण अठ्ठावीस दिवे जिवंत

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर, छताच्या आत बसवलेले १५ वॅटचे एक गोल एलईडी पॅनल आहे. गेल्या पावसाळ्यात ते लावल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी विझू लागले आणि थोड्या वेळाने कोणी हात न लावता पुन्हा लागू लागले. हा लपंडाव आठवडाभर चालला आणि एका संध्याकाळी ते कायमचे बंद झाले. अशा वेळी दुकानात एकच सल्ला मिळतो, तो म्हणजे नवे बसवा. मी ते खाली उतरवून उघडले, तेव्हा आतल्या ३० एलईडींपैकी २८ ठणठणीत होते आणि त्यांना वीज पुरवणारा ड्रायव्हर, ज्याला बाजारात अजूनही सवयीने ‘चोक’ म्हणतात, तोही चालू होता. दोन बारीक घटकांपायी सगळे पॅनल अंधारात गेले होते.

हे कसे घडते ते समजण्यासाठी पांढऱ्या एलईडीच्या आत डोकावावे लागते. आपण जी पिवळी चौकोनी टिकली पाहतो, ती स्वतः प्रकाश निर्माण करत नाही. तिच्या तळाशी गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकाची एक इवलीशी चिप असते. तिच्यातून प्रवाह गेला की निळा प्रकाश बाहेर पडतो, वरचा फॉस्फर नावाचा पिवळा लेप त्यातील काही भाग शोषून पिवळ्या प्रकाशात बदलतो आणि निळा व पिवळा मिळून डोळ्यांना पांढरे दिसते. लाल एलईडी १९६२ पासून उपलब्ध होता, पण पुरेसा प्रखर निळा एलईडी साधायला १९९० चे दशक उजाडले. त्या कामासाठी इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी भारतात केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली आणि तिच्यातून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. एलईडी घरोघरी पोहोचला, पण तो बिघडल्यावर काय करायचे हे ज्ञान मात्र त्याच्याबरोबर पोहोचले नाही.

साध्या पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात आणि आपल्या घरात २३० व्होल्टचा उलटसुलट वाहणारा प्रवाह येतो, ज्याचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते. या दोहोंमधला मध्यस्थ म्हणजे ड्रायव्हर. तो आधी प्रवाह एकदिश करतो, कपॅसिटर या वीज साठवणाऱ्या घटकात साठवून त्यातील चढउतार कमी करतो आणि शेवटी ठरावीक मिलिअँपिअरचा स्थिर प्रवाह पुढे पाठवतो. आमच्या पॅनलच्या ड्रायव्हरवर ‘२७ ते ५४ व्होल्ट डीसी, ३०० मिलिअँपिअर’ असे छापलेले होते. याचा अर्थ असा की प्रवाह ३०० मिलिअँपिअरच राहील आणि व्होल्टेज मात्र समोर एका माळेत किती एलईडी जोडले आहेत त्यानुसार या मर्यादेत वरखाली होईल. ही एक ओळ ज्याला वाचता येते त्याचे निम्मे निदान तिथेच होते.

आमच्या पॅनलमध्ये दोन-दोन एलईडींच्या समांतर जोड्या होत्या आणि अशा १५ जोड्या एकापुढे एक मालिकेत जोडलेल्या होत्या. प्रत्येक जोडीला ३ व्होल्ट धरले तर एकूण ४५ व्होल्ट होतात, जे ड्रायव्हरच्या मर्यादेत नीट बसतात. जोडीतल्या प्रत्येक एलईडीच्या वाट्याला १५० मिलिअँपिअर येतात. आता एखाद्या जोडीतला एक एलईडी आतून तुटला, तर घरात कोणाच्याही ते ध्यानात येत नाही, कारण प्रकाश पसरवणाऱ्या पांढऱ्या झाकणामागे (डिफ्यूझरमागे) ३० ऐवजी २९ दिवे लागले तरी डोळ्याला फरक जाणवत नाही. त्याच्या जोडीदाराला मात्र फरक फार जाणवतो. ड्रायव्हर हट्टाने ३०० मिलिअँपिअरच पाठवत असतो आणि तो सगळा भार आता एकट्यावर पडतो. दुप्पट प्रवाहाने तापून काही आठवड्यांत तोही जातो आणि त्या क्षणी मालिकेचा रस्ताच तुटल्यामुळे उरलेल्या १४ जोड्याही विझतात.

आठवडाभरच्या लपंडावाचे कारणही इथेच आहे. चिपला वीज पोहोचवणारी तार केसाहून बारीक असते आणि ती मऊ सिलिकॉनमध्ये रुतलेली असते. तापल्यावर सिलिकॉन प्रसरण पावते आणि तडकलेल्या तारेला ओढून टोक वेगळे करते. पॅनल विझते, थंड होते, टोक पुन्हा टेकते आणि दिवा लागतो. त्यामुळे तापल्यावर विझणारा आणि निवल्यावर लागणारा दिवा दिसला की मी आधी एलईडीवर संशय घेतो. सेकंदाला एक-दोनदा नियमित लुकलुकणारा दिवा असेल तर ड्रायव्हर सुरू होण्याचा प्रयत्न करून पुन्हा पुन्हा माघार घेत असण्याची शक्यता अधिक असते. पॅनलचा एखादाच ठिपका काळा पडून बाकीचे सगळे लागत असेल, तर तो एलईडी बहुधा तुटलेला नसून आतून शॉर्ट झालेला असतो, कारण शॉर्ट झालेला घटक प्रवाह पुढे जाऊ देतो. पॅनल बरोबर निम्मेच लागत असेल, तर आत दोन स्वतंत्र माळा समांतर जोडलेल्या आहेत आणि त्यातली एक तुटली आहे असे समजावे. मग उरलेली माळ दुप्पट प्रवाहावर चालत असते, म्हणून असे अर्धे पॅनल ‘चालतेय तोवर चालू दे’ म्हणून ठेवू नये.

पॅनल उतरवण्यापूर्वी नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. पुष्कळ जुन्या घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलमध्ये घातलेले असते, म्हणजे दिवा बंद असला तरी त्याच्या टोकाशी फेज जिवंत असतो. म्हणून एमसीबीच, म्हणजे मुख्य फळीवरचा वीज तोडणारा खटका, खाली पाडावा आणि मग टेस्टर लावून दोन्ही तारा पाहाव्यात. छतातून पॅनल ओढताना दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगच्या पट्ट्या धरून ठेवाव्यात, नाहीतर त्या बोटावर सणसणीत बसतात. दुसरा धोका ड्रायव्हरच्या आत असतो. त्यातला मुख्य कपॅसिटर, समजा ४.७ मायक्रोफॅरडचा, ३२५ व्होल्टला भरलेला असेल तर त्यात सुमारे पाव ज्यूल ऊर्जा असते. एवढीने सहसा जीव जात नाही, पण झटक्याने माणूस स्टुलावरून खाली येऊ शकतो. कपॅसिटरच्या दोन टोकांना १०० किलोओहमचा रेझिस्टर काही सेकंद लावून धरला की तो रिकामा होतो. स्क्रूड्रायव्हरने टोके जोडून ठिणगी पाडण्याची कारागिरांची पद्धत मला मुळीच पसंत नाही.

तपासणी मात्र अगदी साधी आहे. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घ्यावी, तिच्या एका टोकाला १ किलोओहमचा रेझिस्टर जोडावा आणि एकेका एलईडीच्या दोन टोकांना तारा टेकवाव्यात. फार तर ६ मिलिअँपिअर प्रवाह जातो, त्यामुळे काही जळण्याची भीती नाही आणि चांगला एलईडी मंद का होईना उजळतोच. आमच्या पॅनलमध्ये जोडीला स्पर्श केला की दोन्ही टिकल्या एकदम उजळत होत्या. अकराव्या जोडीपाशी काहीच झाले नाही. भिंगातून पाहिले तेव्हा एका टिकलीच्या पिवळ्या पृष्ठभागावर मोहरीच्या दाण्याहून लहान काळा ठिपका होता आणि दुसरीचा मध्यभाग तपकिरी झाला होता. कोण आधी गेला आणि कोण नंतर, हे ओळखायला फारसा अभ्यास लागला नाही. या तपासणीत जोडीतला एकच एलईडी लागताना दिसला, तर पुढचा बिघाड कुठे होणार हेही आजच कळते आणि त्या जोडीची व्यवस्था त्याच वेळी करता येते.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. ९ वॅटच्या साध्या बल्बमध्ये अनेकदा एकाच टिकलीत तीन चिप मालिकेत असतात आणि तिला ९ व्होल्ट लागतात. १८ व्होल्टच्या टिकल्याही येतात. त्यांच्यावर ९ व्होल्टची बॅटरी निष्प्रभ ठरते आणि धडधाकट एलईडी मेल्यासारखा दिसतो. सगळेच एलईडी मेलेले दिसू लागले, तर दोष आपल्या बॅटरीचा समजावा आणि दोन बॅटऱ्या मालिकेत जोडून पुन्हा पाहावे.

दुरुस्तीच्या दोन वाटा आहेत. सोपी वाट म्हणजे मेलेल्या जोडीच्या दोन टोकांवर कथिलाचा एक थेंब टाकून रस्ता जोडून देणे. १५ पैकी १४ जोड्या उरतात, व्होल्टेज ४५ वरून ४२ वर येते, ते ड्रायव्हरच्या मर्यादेतच असते आणि प्रकाश साधारण सात टक्क्यांनी घटतो. प्रवाह स्थिर ठेवणाऱ्या चांगल्या ड्रायव्हरवर बाकीच्या एलईडींना याचा त्रास होत नाही. मात्र हाच उपाय स्वस्त बल्बांवर आंधळेपणाने करू नये, कारण त्यांपैकी अनेकांमध्ये वेगळा ड्रायव्हर नसतो. एक छोटी आयसी, म्हणजे प्रवाह आवरणारी चिप, एलईडींच्याच पाटीवर बसून उरलेले व्होल्टेज उष्णतेच्या रूपाने गिळत असते. एक एलईडी कमी केला की त्याच्या वाटणीचे व्होल्टेजही तिलाच गिळावे लागते आणि मग ती जाते. असा बल्ब उघडण्यात वेळ घालवण्याइतके त्याचे मोल नाही, हे माझे प्रामाणिक मत आहे.

दुसरी वाट म्हणजे त्याच मापाचे नवे एलईडी बसवणे, आणि तीच खरी दुरुस्ती. अडचण अशी की एलईडींची पाटी अॅल्युमिनियमची असते. तिचे कामच उष्णता पळवणे हे असल्यामुळे सोल्डरिंग गनची उष्णताही ती पळवते आणि कथील वितळतच नाही. यावर उपाय म्हणजे पाटी खालून तापवणे. मी उलटी धरून पक्की बसवलेली जुनी इस्त्री वापरली. पाटी तापली की कथील चमकू लागते, जुना एलईडी चिमट्याने अलगद उचलला जातो आणि नवा त्याच जागी ठेवता येतो. जुना एलईडी उचलण्यापूर्वीच त्याच्या दिशेचा फोटो काढून ठेवावा, कारण उलटा बसलेला एलईडी ती जोडी पुन्हा अर्धी करतो आणि मागची सगळी कथा नव्याने सुरू होते.

एलईडी सगळे चांगले निघाले तर ड्रायव्हर पाहावा. तो उघडल्यावर कपॅसिटरचे डोके फुगलेले दिसले तर निदान झालेच. इथे खोक्यावरच्या ‘२५,००० तास’ या आकड्याबद्दल थोडे बोलायला हवे. तो आकडा बहुधा एलईडीची उजळता मूळच्या सत्तर टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ सांगतो आणि ड्रायव्हरमधल्या कपॅसिटरविषयी काहीच सांगत नाही. साध्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर १०५ अंश सेल्सिअसला २,००० तास असे आयुष्य दिलेले असते आणि तापमान दर १० अंशांनी उतरले की ते साधारण दुप्पट होते. म्हणजे ७५ अंशांवर १६,००० तास, पण ८५ अंशांवर ८,०००च. रोज पाच तास दिवा लावणाऱ्या घरात हा फरक जवळपास नऊ वर्षे आणि साडेचार वर्षे यांमधला आहे. एलईडी तंतूच्या बल्बप्रमाणे आपली उष्णता किरणांवाटे फेकत नाही, ती धातूतून वाहून न्यावी लागते. जिप्समच्या बंद छतात, खाली गॅसची शेगडी असताना, ती वाहून जायला जागाच उरत नाही. आमच्या पॅनलच्या मरणाचे मूळ मला तिथेच दिसते.

नवा ड्रायव्हर घेताना वॅटपेक्षा मिलिअँपिअर जुळवावेत आणि माळेचे व्होल्टेज त्याच्या मर्यादेच्या साधारण मधोमध यावे असे पाहावे. मी तर ३०० ऐवजी मुद्दाम २४० मिलिअँपिअरचा घेतला, जरी जुना अजून चालू होता. कमी प्रवाहावर एलईडीची कार्यक्षमता थोडी वाढते, त्यामुळे प्रवाह वीस टक्क्यांनी घटला तरी प्रकाश तितका घटत नाही, आणि तापमान मात्र लक्षणीय उतरते. हेच तत्त्व ताणून फिलिप्स कंपनीने २०१६ मध्ये दुबईसाठी खास बल्ब काढले. त्यांत अधिक एलईडी कमी प्रवाहावर चालवून दर वॅटला २०० ल्युमेनपर्यंत (ल्युमेन हे प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश मिळवला गेला. असे बल्ब सर्वत्र का मिळत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर देण्याची गरज नसावी.

जोडणी करताना आधी पॅनल ड्रायव्हरला जोडावे आणि मगच वीज सोडावी. उलट क्रमाने केले, तर रिकाम्या टोकांवर वाढलेले व्होल्टेज साठवून बसलेला कपॅसिटर पहिल्या स्पर्शालाच एलईडींवर रिता होतो आणि नव्याने बसवलेले घटक क्षणात जातात. पहिली चाचणी मी सिरीज बोर्डावर घेतली. त्यात ६० वॅटचा जुना तंतूचा बल्ब मालिकेत असतो. तो जेमतेम लाल झाला आणि पॅनल पूर्ण उजळले, म्हणजे शॉर्ट कुठेही नव्हता. तो बल्ब भरभरून पेटला असता, तर लगेच वीज बंद करून जोडणी पुन्हा तपासावी लागली असती. तासभर चालवून आणि वीज तोडून पॅनलच्या पाठीला हात लावला, तर तो सहज टेकवून ठेवता आला. मग ड्रायव्हरच्या डबीवर मार्करने तारीख लिहिली, छतातल्या भोकाभोवतीचा जिप्समचा चुरा साफ केला, ड्रायव्हर पॅनलच्या पाठीवर ठेवण्याऐवजी वीतभर बाजूला सरकवला आणि स्प्रिंगच्या पट्ट्या पुन्हा छतात चढवल्या.